हिवरखेडच्या फियाटचा डॅश

६ एप्रिल, रविवार

पहिल्या पानावर नाव-धंदा लिहाची जागा आहे. लिहून टाकलं: मैना धर्मपाल तायडे. कुशन, हूड आन ताडपत्री. अकोट फाईल, अकोला. डायरी नीलमनं नागपूरवरून पाठवली. तिच्या दवाखान्यात नर्सायले वाटल्या म्हणे. "आई, तुह्या डोक्यात जे चालते ते बाबावर काढण्यापेक्षा याच्यात काढ." चार महिने कोरी पडून होती. आज उघडली, कारण आज लिहाण्यासारखं काही झालं.

दुपारी दुकानापुढं पांढरी गाडी थांबली. चष्मेवाला पोरगा उतरला, पस्तिशीचा. नाव नितेश, अमरावतीले इंजिनीअर. मागच्या सीटवर पोत्यात गुंडाळून काय आणलं, तर एका जुन्या फियाटचा अख्खा डॅशबोर्ड! पत्रा, वरची गादी, कप्प्याचं झाकण, बटणं, सगळं सुटं. गाडी त्याच्या आबाजीची, म्हणजे आजोबायची. अडुसष्ट सालची. हिवरखेडले गोठ्याच्या बाजूच्या शेडात वीस वर्षं उभी होती. इंजिन चालू झालं, रंग झाला, आता फक्त डॅश राहिला. १ जूनले अमरावतीच्या जुन्या मोटारीवाल्या क्लबचे लोक आपापल्या गाड्या घेऊन हिवरखेडले येणार, आन आबाजी सगळ्यायपुढं स्वतः गाडी चालवणार, असं ठरलं आहे.

संगं नत्थुजी मिस्त्री होते. इंजिन त्यायनंच केलं. तोंडात तंबाखूचा खर्रा. मले खालून वरून पाहून नितेशले म्हणे, "भाऊ, हे बाई ऑटोचे हूड शिवते. ऑटोवालीले मोटारीचा डॅश देता का? पुण्याले पाठवा."

मी कात्री खाली ठेवली. "नत्थुजी, ऑटोच्या हूडवर ऊन, पाऊस आन पोट्टे तिन्ही बसतात. माहा हूड सात वर्षं टिकते. तुमच्या पुण्याच्या डॅशवर काय बसते, माशी?"

नितेश खो खो हसला. काम माह्याकडं राहिलं.

खरं सांगू का, मलेही खात्री नव्हती. तीस वर्षं झाली, मोटारीच्या आतल्या कामाले मले कोणी विचारलं नव्हतं. आबाजीनं काम पास केलं आन क्लबवाल्यायनं एकदा पाहिलं, तर हे 'ऑटोवाली' पुसलं जाते. मले तेवढंच पाह्यजे.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. दुकान बंद. निळी साडी नेसून मिरवणुकीत दोन तास चालली. धर्मपाल लेझीम पाहत होता, मी डोक्यात डॅशचा साचा कापत होती. (तोंडानं 'अहो' म्हणते, पण डायरीत नाव लिहाले मले कोण अडवते.)

१९ एप्रिल, शनिवार

गादी तयार झाली म्हणून हिवरखेडले गेली. तेल्हाऱ्यापर्यंत एस.टी., पुढं काळीपिवळी. मांडीवर डॅश घेऊन बसली, लेकरू धरावं तशी.

वामनरावजी, म्हणजे आबाजी, चौऱ्याऐंशीचे आहेत. सहा फूट उंच, ताठ, पांढरंशुभ्र धोतर. आन घमेंड! मी समोर उभी, तर माह्या डोक्यावरून भिंतीकडं पाहतात. कामाकडंही पाहिलं नाही. हात पुढं केला आन म्हणे, "आण."

दोन्ही हाताचे अंगठे गादीवरून फिरवत गेले. मधात थांबले. "इथं शिवण उठली."

मी चष्मा लावून पाहिलं. काही नाही. मंग त्यायच्यासारखा अंगठा फिरवला. अर्ध्या दोऱ्याएवढी उठली होती! मले राग आला, कारण माणूस खरं बोलत होता.

त्यायची बायको, रुख्मिणीकाकू, लय गोड. पण तिचंही एक एक. बाहेर निघताना आबाजी पुढं, मी मागं, आन हे बाई मोठ्यानं सांगते, "पायऱ्या आहेत हो, दोन." आता मले काय पायऱ्या दिसत नाहीत? जेवाले वाढलं तर आबाजीले सांगून राहिली, "भाकर डाव्या हाताले, ठेचा वरती, वांगं उजवीकडं." नवऱ्याले इतकं लाडावलेलं मी जलमात पाहिलं नाही. धर्मपालले सांगितलं, तर म्हणे, "शीक काही."

२० एप्रिल, रविवार

रात्रभर डोक्यात तेच. शिवण उठली, मान्य आहे. पण माह्याकडं पाहाचंही नाही? आडनाव ऐकलं म्हणून असं असेल का? पाण्याचा ग्लास मुद्दाम पाहिला होता. काकूनं त्याच स्टीलच्या ग्लासात दिलं, मी उष्टा केलेला तिनंच उचलला. काकूचं मन साफ आहे. म्हाताऱ्याचं सांगता येत नाही.

शिवण पूर्ण उसवली. नव्यानं टाकून राहिली.

२७ एप्रिल, रविवार

पुन्हा हिवरखेड. नितेशही आला होता. आबाजीनं अंगठे फिरवले, शिवणीवर काही बोलले नाही. म्हणजे पास. मी मनात टाळी वाजवली. तेवढ्यात म्हणे, "कप्प्याचं झाकण लाव."

मी लावलं.

"पुन्हा लाव." पुन्हा लावलं. "आवाज चुकला. टक् वाजाले पाह्यजे. हा ठप् वाजते."

झाकणाच्या आतून मी फोम दिला होता, थोडा जाड. कोणाच्या बापाले समजणार नाही असं वाटलं होतं. यायले समजलं. काम कानानं पाहतात की काय! मंग विचारतात, "रंग कोणता लावला वं?" समोर ठेवलेला आहे तरी मलेच विचारतात, जशी माही परीक्षाच.

"चॉकलेटी. तुमी सांगितला तोच."

"रंगात तडजोड नाही चालणार," नितेशकडं तोंड करून ठासून म्हणे. नितेश म्हणाला, "आबाजीची नजर अजून कशी पक्की आहे, पाहा मैनाकाकू."

निघताना मले थांबवून पेपरातलं कापसाच्या भावाचं पान वाचून घेतलं. चष्मा सापडत नाही म्हणे. चष्मा समोर खुंटीवर लटकून राहिला होता. बाईमाणसाले कामाले लावाची सवय, दुसरं काय. तरी वाचलं. मधात मधात डोळे मिटून ऐकत होते. पुढच्या खेपेले चहा घेऊनच जाजो म्हणाले. हे पहिलं गोड वाक्य. झाकण तेवढं दुरुस्तीले परत आणलं, गादी तिथंच शेडात ठेवली.

५ मे, सोमवार

सत्यानाश!

काकूचा फोन आला. गादी कोपऱ्यातून टर्र फाटली. कोणी हात लावला नाही, शेडात ठेवली होती, काल पारा सेहेचाळीसवर होता. शिवण धरून राहिली, रेक्झिनच फाटलं.

चूक माहीच आहे, लिहून ठेवते. हूडवालीची सवय. ऑटोचा हूड ढोलासारखा ताणावा लागते, नाही तर पावसाचं पाणी साचते. मी डॅशची गादीही तशीच ताणून बसवली. हूडले खालून हवा असते. डॅशच्या गादीखाली पत्रा, वरून टिनाचं शेड. रेक्झिन तापलं, आटलं, कोपऱ्यात जीव गेला.

नत्थुजीचाही फोन आला. फक्त एवढंच म्हणे, "पुण्याचा नंबर देऊ का?" मी फोन आपटला. मंग कांदे कापाले बसली, म्हणजे रडाले सोय.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. विहारात खीर वाटली. घरी आल्यावर धर्मपालले विचारलं, रेक्झिन आटणारच, तर काय करावं? तो एस.टी.त कंडक्टर होता, त्याले काय माहीत. पण त्यानं उलटं मलेच विचारलं, "ब्लाऊजचं कापड शिवाच्या आधी तू बादलीत काहून बुडवते?"

मी त्याच्याकडं पाहतच राहिली. आटाचं तेवढं आधीच आटू द्याचं, मंग कापाचं! पाण्याऐवजी ऊन. अकोल्याचं मे महिन्याचं ऊन काय फक्त शिव्या द्याले आहे? चार दिवस गच्चीवर रेक्झिन मोकळं पसराचं. आन गाडीवर बसवाचं ते भर दुपारी दोन वाजता, पत्राही तापलेला असताना, हातानं फक्त थापटून. ताणाचं नाव नाही.

धर्मपाल म्हणे, "रिटायर माणसाचाही उपयोग असते." त्याले जास्तीची खीर दिली.

१७ मे, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

चॉकलेटी रेक्झिन संपलं. दोन खेपा वाया गेल्या, बाजारात त्या जातीचं उरलं नाही. अकोला पाहिलं, अमरावतीले फोन केले. त्याच जाडीचं, त्याच दाण्याचं एकच मिळालं, बाटलीसारखं गर्द हिरवं. नितेशले फोटो पाठवला. तो म्हणाला, "मस्त दिसते, पण आबाजी म्हणतील तेच." म्हणून हिरव्याचा एक तुकडा घेतला, आन दुसऱ्या जातीच्या चॉकलेटीचा एक. तो गुळगुळीत, दाणा वेगळा. म्हटलं, दोन्ही समोर ठेवते, आबाजी ओरडतील ते ओरडतील.

आबाजी बाजेवर बसले होते. दोन्ही तुकडे मी त्यायच्या हातात दिले. तोंड उघडाच्या आत त्यायनं अंगठ्यानं दोन्ही चोळले. एक जमिनीवर टाकला. दुसरा मांडीवर ठेवून म्हणे, "हा. हाच चॉकलेटी. हा लाव."

मांडीवर हिरवा होता. पांढऱ्या धोतरावर हिरवागार.

मी काकूकडं पाहिलं. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. मंग आबाजीच्या तोंडाकडं पाहिलं. ते नेहमीसारखे माह्या डोक्यावरून भिंतीकडं पाहून राहिले होते. भाकर डाव्या हाताले. पायऱ्या आहेत दोन. खुंटीवरचा चष्मा. सगळं एकदम उमजलं आन मले माहीच लाज वाटली. मी काय काय लिहिलं या माणसाबद्दल मागच्या पानावर!

"बरं आबाजी," मी म्हटलं. "हाच लावते."

काकू फाटकापर्यंत आली. तीन वर्षं झाली म्हणे. दिसणं आधी कडेकडेनं गेलं, मंग मधातलं. आता उजेड-अंधार तेवढा समजते. डॉक्टरकडं जात नाहीत, कोणाले सांगू देत नाहीत. नितेश रविवारी दोन तासासाठी येते, त्याच्यापुढं घरात असे सरसर चालतात की त्याले शंकाही येत नाही.

"आन एक तारखेले?" मी विचारलं.

"गाडी शाळेपर्यंतच न्याची आहे, तेवढा रस्ता तोंडपाठ आहे म्हणतात. मी अडवलं, तर दोन दिवस जेवले नाहीत."

"काकू, रस्ता तोंडपाठ असेल. रस्त्यावरचे लेकरं कुठं तोंडपाठ आहेत?"

ती रडाले लागली. मीही हात धरून उभी राहिली, दुसरं काय करणार.

१८ मे, रविवार

नितेशले मेसेज तीनदा लिहिला आन तीनदा पुसला. शेवटी 'आबाजीनं हिरवा निवडला' एवढंच धाडलं. आबाजीनं स्वतःहून माह्यापुढं उघडं केलं नाही. चोरून पाहिल्यासारखं झालं. ते मी कसं जाऊन सांगू?

आन एक रडगाणं माह्या पोटात आहे, तेही लिहिते. महिनाभर मी ज्या माणसाच्या 'पास'साठी मरून राहिली, त्याले दिसतच नाही! हे मनात आलं आन सकाळभर मशीनवर बसावंसं वाटलं नाही. मंग दुपारी डोकं ठिकाणावर आलं. अर्ध्या दोऱ्याची शिवण डोळेवाल्या नितेशले दिसली होती का? नत्थुजीले? मलेच नाही दिसली. झाकणाचा आवाज कोणी ऐकला? ज्यानं इतकं बारीक पकडलं, त्याचं 'पास' तर शंभर डोळ्यापेक्षा भारी आहे. मले ते आता पहिल्यापेक्षा जास्त पाह्यजे.

रेक्झिन आजपासून गच्चीवर. शेजारच्या सीमाच्या कुरडया एका बाजूले, माहं हिरवं रेक्झिन दुसऱ्या बाजूले. ती म्हणे, "मैनाताई, हे कायचं वाळवण?" म्हटलं, "मोटारीची कुरडई."

२४ मे, शनिवार

बसवला! बसवला! बसवला!

दुपारी दोनचा मुहूर्त. शेडात उभं राहवत नव्हतं. डोक्याले ओला दुपट्टा बांधला, नत्थुजीनंही बांधला. पत्र्याले हात लावला तर चटका. रेक्झिन पापडाच्या लाटीसारखं मऊ झालं होतं. मी फक्त थापटत गेली, मधातून कडेले, मधातून कडेले. सुरकुती नाही, फुगा नाही. स्टिअरिंगखालच्या पट्टीले चिकटवाचं सोल्युशन लावून अर्धा तास हातानं दाबून धरली. मंग नत्थुजीनं मीटर बसवलं, वायरी जोडल्या, बटणं लावली.

आबाजी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. हात पुढं केला, बटणायवरून फिरवला. "नत्थू, वायपर डावीकडून दुसरं. तू दिव्याचं लावलं तिथं."

नत्थुजीचं तोंड पाहाण्यासारखं झालं. माहे डोळे थंड झाले. मंग आबाजीनं कप्प्याचं झाकण लावलं. टक्! पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. टक्! पाच-सहा वेळा लावलं, लहान पोरासारखं. दोन्ही अंगठे या टोकापासून त्या टोकापर्यंत नेले.

"पास," ते म्हणाले. "मैना, पास."

तोवर मी 'बाई' होती. आज मैना झाली. डोळ्यातून पाणी आलं ते घाम म्हणून पुसलं.

नत्थुजी हात धुवाले गेले तेव्हा मी खिडकीजवळ वाकली. हळूच म्हटलं, "आबाजी, एक तारखेले नितेशले चालवू द्या."

त्यायचा चेहरा दगडासारखा झाला. "तुहं काम झालं ना?"

"झालं."

"मंग जाय."

इतकं लागलं मले. एस.टी.त अकोल्यापर्यंत खिडकीकडं तोंड करून बसली.

१ जून, रविवार

धर्मपाल आन मी सकाळी नऊलेच पोचलो. अंगणात सडा, रांगोळी. क्लबच्या अकरा गाड्या ओळीनं उभ्या. लालभडक, दुधी, एक उघडी जीप. आन मधात आबाजीची फियाट. मी आत वाकून पाहिलं. हिरवी गादी अशी बसली होती की जशी त्या पत्र्यासोबतच जन्मली. मीच केलं का हे, असं वाटलं.

क्लबवाले एकेक करून पाहून गेले. जीपवाल्या डॉक्टरीणबाई, आरती नाव, त्यायनं विचारलं, "पुण्याहून केलं का?" नितेशनं माह्याकडं बोट दाखवलं. "अकोल्याच्या मैनाकाकू." त्या म्हणाल्या, "माह्या जीपचंही करायचं आहे, नंबर द्या." दुसऱ्या दोघायनंही फोन काढले. मी नंबर सांगाले लागणार, तेवढ्यात गलका झाला. आबाजी आले.

कडक इस्त्रीचं धोतर, टोपी, हातात चावी. काकू बाजूनं चालत होती, खांद्याले खांदा लावून. सगळे बाजूले झाले. आबाजीनं दार उघडलं, बसले, डॅशवर हात ठेवला आन खड्या आवाजात म्हणाले, "ऐका सगळे. हे काम अकोल्याच्या मैनाबाईचं आहे. डोळ्यानं नका पाहू. हात फिरवून पाहा, मंग समजेल."

सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या. धर्मपालनं सगळ्यात जोरात. मी पन्नाशी ओलांडली, मले एवढ्या लोकायनं कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. नत्थुजीनंही वाजवल्या.

आन आबाजीनं चावी लावली.

फाटकाबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूले गावातले पोट्टे उभे होते. काही रस्त्यात. एक लहान पोरगी बरोबर मधात, हातात फुगा. काकू माह्याकडं पाहून राहिली होती. मी नितेशकडं पाहिलं. त्याच्याजवळ जाऊन कानात सांगितलं असतं, तर सगळ्या गावापुढं त्यानं आजोबाच्या हातातून चावी घेतली असती. त्यापेक्षा...

मी पुढं झाली. खिडकीवर हात ठेवला आन मोठ्यानं बोलली, "थांबा आबाजी! माहं चुकलं. स्टिअरिंगखालची पट्टी कच्ची राहिली. सोल्युशन वाळलंच नाही, ओलं आहे. तुमचं धोतर चिकटेल, आन उतरताना सगळ्या गावापुढं सुटून येईल. त्या बाजूले बसा. तिकडची पक्की आहे. नितेश पँटवाला आहे, त्याले चालवू द्या."

मागून कोणी फसकन हसलं. नत्थुजी म्हणाले, "म्हटलं नव्हतं? ऑटोवाली!" डॉक्टरीणबाईनं फोन पर्समध्ये टाकला. मी पाहिलं ते. धर्मपाल माह्याकडं असा पाहत होता की जशी मी कोणी दुसरीच बाई आहे.

आबाजीनं हात खाली नेला. पट्टीवर अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आठ दिवसायची वाळलेली पट्टी, लोखंडासारखी पक्की. अर्ध्या दोऱ्याची शिवण ओळखणारा अंगठा तो! मले वाटलं, आता म्हणतात, खोटं आहे.

मंग त्यायनं खिशातून रुमाल काढला आन सगळ्यायले दिसेल असा हात वर धरून, कोरडी बोटं एकेक करून पुसली. सावकाश. चिकट काही लागल्यावर पुसतात तशी.

"ओलं आहे," ते म्हणाले. "नितेश, इकडं ये रे. चावी घे. तू चालव."

काकूनं त्यायले हाताले धरून दुसऱ्या बाजूले बसवलं. नितेश म्हणाला, "काकू, पट्टी निघणार तर नाही ना?" आता नाही म्हणता येत नव्हतं. पिशवीतून डबी आन ब्रश काढला आन सगळ्यायपुढं स्टिअरिंगखाली वाकून, माह्या हातच्या पक्क्या पट्टीवर सोल्युशन फासाले लागली. लोक वरून पाहून राहिले, कोणी कोणी सल्ले देऊन राहिले. मान मोडली, पण हात हलू दिला नाही.

आबाजी बाजूच्या सीटवर होते. हळूच, माह्यापुरतं म्हणाले, "मैना, वाळाले किती दिवस लागतील?"

मी म्हटलं, "आबाजी, या जलमी नाही वाळत ते."

त्यायनं मान हलवली. मंग दोन्ही हात गादीवर पसरून ठेवले आन नितेशले म्हणाले, "चाल. दुसऱ्या गिअरात टाक पुलाजवळ, तिथं चढ आहे."

गाडी फाटकाबाहेर गेली. नितेशनं हॉर्न दिला, पोट्टे बाजूले पळाले, फुग्यावाल्या पोरीले कोणीतरी उचलून घेतलं. काकू माह्या बाजूले उभी होती. तिनं माह्या डोक्यावर हात ठेवला.

२ जून, सोमवार

काल परत येताना धर्मपाल पातूर्ड्याच्या नात्यातल्या लग्नापासून एस.टी.च्या संपापर्यंत सगळं बोलला, पण ते नाही. आज सकाळी चहा घेताना विचारलं, "कच्ची होती का पट्टी?"

"नाही."

"मंग तीस वर्षं कमावलेलं नाव एका मिनिटात काहून घालवलं?"

मी त्याले सगळं सांगितलं. तो उठला, माह्या हातातला कप घेतला आन दोन्ही कप स्वतः धुतले. लग्नाले एकतीस वर्षं झाली, पहिल्यांदा.

दुपारी नितेशचा फोन. आबाजीनं काल संध्याकाळी त्याले बसवून स्वतःच्या तोंडानं डोळ्याचं सांगितलं. गुरुवारी अकोल्याले डॉक्टरकडं आणणार आहे. गेलेलं परत येते की नाही ते डॉक्टर सांगतील, पण आबाजी येतो म्हणाले, हेच लय झालं. पोरगा फोनवर रडत होता. मंग विचारलं, "काकू, खरं सांगा. ती पट्टी खरंच ओली होती का?"

आजोबानं नातवाले जेवढं सांगाचं तेवढं सांगितलं आहे. अंगणात काय झालं ते त्यायचं आन माहं.

"ओली होती बाबू," मी म्हटलं. "माहंच काम कच्चं राहिलं."

क्लबवाल्यायपैकी कोणाचा फोन आला नाही. येणारही नाही. नत्थुजीनं अकोटपासून अकोल्यापर्यंत गोष्ट पसरवली असेल, आज चौकातल्या दोघायनं हसून विचारलंच. मी मान ताठ ठेवून हो म्हटलं. ज्या कामाले मी सगळ्यायपुढं नाव ठेवलं, तेच माह्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आहे. मले त्याचा इतका गर्व आहे की कोणाले सांगाची गरजच वाटून राहिली नाही.